पंधरा कोंबडे व एक रिकामा खण

प्रति,
मे. मॅजिस्ट्रेटसाहेब,
आंबेटेक पेटा, संस्थान भोर.

विषय: कै. गंगाधर पोतनीस मास्तर यांचे नाव कोंबडझुंजीच्या कागदांतून वगळण्याबाबत.
संदर्भ: चौकीने विंझर येथून जप्त केलेले खुराडे, खण सोळा.

महोदय,

१. अर्जदार ही भोर येथील निवृत्त शास्त्रशिक्षक कै. गंगाधर पोतनीस यांची मुलगी. वडील मार्गशीर्षात वारले. तेराव्याची पाने मांडली असता चौकीचा शिपाई दारात आला आणि मयताने विंझरास झुंजीचा जुगार चालविला, असे मोठ्याने वाचून गेला. वडिलांचा कोंबड्यांशी संबंध जिभेचा नव्हता, जुगाराचा नव्हता; पदार्थविज्ञानाचा होता.

२. निकेलचे एक हिरवे भस्म आहे. पुस्तकी गणिताप्रमाणे त्यातून वीज तांब्यातल्यासारखी वाहावी. प्रत्यक्षात ती जागची हलत नाही. ते गणित प्रत्येक विद्युत्कणाला, म्हणजे इलेक्ट्रॉनला, एकटा धरते आणि बाकीच्यांची सरासरी काढून त्याच्याभोवती पसरते. वडिलांचे म्हणणे, "सरासरी कोंबड्याला चोच नसते." विद्युत्कणांना एकमेकांचा शेजार सोसत नाही, हे गणितात कसे बसवावे, या विवंचनेत त्यांनी दोन वर्षे घालविली. गणित बसेना, तेव्हा खुराडे बांधविले.

३. सबब विंझरच्या ठकुबाईंनी आळीतून गोळा केलेले सोळा कोंबडे सोळा खणांत, एकेकात एक, असे ठेवण्यात आले. खणाखणांतली दारे उघडी होती. तरीही कोणी हलेना. कारण जिकडे जावे तिकडे चोच. कोंबडा हा विद्युत्कण, आणि हेच ते हिरवे भस्म. ज्यास झुंज म्हटले आहे, ती झुंज न होण्याची व्यवस्था होती, हे साहेबांच्या ध्यानात यावे.

४. पुढचा प्रयोग एकच उरला होता. एक कोंबडा काढावा; शेजारचा रिकाम्या खणात सरकेल, त्याच्या जागी त्याचा शेजारी, आणि भस्मातून वीज वाहू लागेल, असा वडिलांचा अंदाज. परंतु ठकुबाई आडव्या आल्या. "सोळा दिल्यात, मास्तर, सोळाच घीन. एक बी कमी झाला तर आळीला काय थोबाड दावू?" वडील रोज विनवीत, त्या रोज नाही म्हणत. ते गेले त्याच्या आदल्या दिवशीही, अंगात ताप असताना, ते खुराड्याशी जाऊन बसले होते.

५. गेल्या सोमवारी अर्जदार चौकीवर गेली. हवालदार चिमाजी डोळे तारवटून ओसरीवर बसले होते. म्हणाले, "ताई, तुमची कोंबडी झपाटल्यात. शनवारपातुर देवावानी बसली व्हती. कालधरनं ह्या खणातनं त्या खणात, त्यातनं फुडं. निस्ती फिरत्यात. डोळ्याला डोळा लागू दीनात!" अर्जदाराने मोजले. पंधरा भरले. सोळाव्याची विचारणा केली असता हवालदार म्हणाले, "त्यो आपल्या मनानं गेला." ओसरीवर चुलीपाशी जो वास होता, त्याबद्दल अर्जदार काही म्हणू इच्छीत नाही. ती खुराड्यापाशी दिवे लागेपर्यंत उभी राहिली. रिकामा खण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना तिने पाहिला.

६. तरी विनंती की, वडिलांचे नाव त्या कागदांतून काढावे व तसे शिपायाकरवी आमच्या दारात, तितक्याच मोठ्याने वाचावे. ठकुबाईंस कोंबडा भरून द्यावा. मात्र या खुराड्यात सोडू नये. हवालदारांना शिक्षा करू नये. वडिलांना जे दोन वर्षांत साधले नाही ते त्यांनी एका रविवारी, भाकरीबरोबर, साधले आहे. त्यांनी जे पाहिले त्याचा जबाब तेवढा लिहून घ्यावा.

७. एक जागा रिकामी झाली की काय होते, हे वडिलांना पाहावयाचे होते. घरी आता त्यांच्या पाटावर आई बसते, आईच्या पाटावर अर्जदार, आणि अर्जदाराच्या पाटावर मांजर. कोणी कोणास सांगितले नाही. जेवताना त्यांना हे दाखवावेसे वाटते.

कळावे, निकालाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
सौदामिनी गंगाधर पोतनीस
मुक्काम भोर, ता. १९ फेब्रुवारी १९४०

सोबत:
ठकुबाईंचा जबाब, अंगठ्यासह.
तांबडे पीस, नग एक, चौकीच्या ओसरीवर सापडलेले. पाहून परत मिळावे.