करवतीचा तौलनिक अभ्यास

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
मागील अंगणातील वाळलेली निलगिरी पाडण्याचा निर्णय घेतला. झाड मरून दोन वर्षे झाली. उभे आमच्या हद्दीत आहे. कलले आहे मात्र धाकट्याच्या मागच्या खोलीकडे. पुढील महिन्यात वारे सुटतात. तत्पूर्वी झाड खाली हवे. काम मी स्वतः करणार. वय ७३. प्रकृती उत्तम, डावा गुडघा वगळता.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे राहतो. अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. ही रोजनिशी माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तथापि कारणाची नोंद अचूक असावी. मी पडद्याच्या दांडीसाठी भिंतीला भोक पाडत होतो. धाकटा जन्माचा इलेक्ट्रिशियन. चार पाहुण्यांसमक्ष त्याने माझ्या हातातून ड्रिल काढून घेतले आणि म्हणाला, "दे इकडे, तुझं काम नाही ते." त्याने पाडलेले भोक सरळ होते, हे मान्य. मुद्दा भोकाचा नव्हता.

सौ. त्यांच्याकडे रोज जाते. मी कधी अडवले नाही. तिच्या सांगण्यानुसार त्याला आता जिना चढवत नाही, म्हणून खाट मागच्या खोलीत आणली आहे. म्हणजे बरोबर झाडाखाली. फुप्फुसांचे दुखणे. डॉक्टरांनी आठवडे मोजून सांगितले आहेत म्हणे. डॉक्टर मंडळी ‘आठवडे’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. चौतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काढली. सैल शब्द मला लांबून दिसतो.

संकल्प: झाड पडले की त्याच दिवशी मी स्वतः त्याच्याकडे जाईन. रिकाम्या हाताने जाणे मला शोभत नाही.

५ फेब्रुवारी
हत्यारांच्या दुकानात गेलो. साखळीची करवत दोन प्रकारची मिळते: वायरीची आणि कॉर्डलेस. ‘कॉर्डलेस’ऐवजी ‘बिनतारी’ म्हणून पाहिले. दुकानदाराने रेडिओच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तेव्हा या रोजनिशीत नाइलाजाने ‘कॉर्डलेस’ असेच लिहीन.

कॉर्डलेसमध्ये हल्ली ‘हाय व्होल्टेज’ म्हणून ५६ व्होल्टची बॅटरी येते. मी विचारले, भिंतीतली वीज २३० व्होल्ट. मग ५६ला ‘हाय’ म्हणावे ते कोणत्या न्यायाने? त्यावर तो म्हणाला की, ती बाकीच्या बॅटऱ्यांच्या मानाने हाय, आणि अठरा व्होल्टची करवत हातात देऊन वर म्हणाला, "हा तिचा धाकटा भाऊ समजा काका. छोट्या कामाला हाच बरा."
काहीही न घेता परतलो.

६ फेब्रुवारी
तक्ता आखला. डावीकडे वायरीची, उजवीकडे बॅटरीची. वजन, दम, आवाज, हमी, देखभाल, अशी चौदा कलमे.

वायरीची हलकी, स्वस्त, आणि दमत नाही. तिचा दोष एकच. वायरीला दुसरे टोक असते. आमच्या घरातला जवळचा प्लग स्वयंपाकघरात, झाडापासून ४६ मीटर. इतक्या लांब बारीक वायरीतून वीज पोहोचेपर्यंत मरगळते आणि वायर तापते, असे दुकानदाराचे मत. त्याहून जवळचा प्लग आहे. अडीच मीटरवर. तो धाकट्याच्या मागच्या ओट्यावर आहे.
निष्कर्ष अर्थात पूर्णपणे तांत्रिक कसोट्यांवर काढला जाईल.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
भिंतीवर एक एक्स्टेंशन बोर्ड ठेवलेला आढळला. पिवळी जाड वायर त्यांच्या ओट्यावरून आलेली. बोर्ड आमच्या बाजूला लोंबता. दव लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, गाठ इलेक्ट्रिशियनचीच.
हे उघड अतिक्रमण आहे. बोर्ड उचलून त्यांच्या हद्दीत ठेवला. पिशवीसकट.

१० फेब्रुवारी
बोर्ड पुन्हा भिंतीवर. पुन्हा परत ठेवला.

११ फेब्रुवारी
तसेच. सौ. म्हणाली की तो स्वतः उठू शकत नाही, धाकटीकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून, ठेववून घेतो. आणि रोज तिला विचारतो की दादाने लावली का वायर. मी म्हणालो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्याची सवय दुखण्यानेही जात नाही. सौ. भांडी घासत होती. उत्तर भांड्यांनी दिले.

१३ फेब्रुवारी
सौ.ने परस्पर झाडे तोडणारा माणूस बोलावला. माणसाने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोडावर थाप मारली आणि सांगितले: पेट्रोलची करवत, एक तास, दोर बांधायला पलीकडच्या अंगणात उतरावे लागेल. म्हणून पलीकडच्यांना सांगून ठेवा.
मी विचारले, न सांगता होणार नाही का? तो म्हणाला, "आजोबा, झाड त्यांच्या डोक्यावर आहे. सांगणार नाही तर काय पत्र टाकणार?"
उद्धट माणूस. परत पाठवला. शिवाय पेट्रोलचा धूर आजारी माणसाला अपायकारक. हे कलम तक्त्यात वाढवले. कलमे पंधरा.

सौ. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "अहो, माझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर निवडायला तुम्हाला दहा मिनिटं लागली होती." मी म्हणालो, ती निकड होती.

१७ फेब्रुवारी
५६ व्होल्टची कॉर्डलेस घेतली. अभ्यासाअंती. पंधरापैकी नऊ कलमे वायरीच्या बाजूने होती, परंतु कलमे मोजायची नसतात, तोलायची असतात.
बॅटरीसकट वजन साडेपाच किलो. दुकानदार म्हणाला, दुसरी बॅटरीही घेऊन ठेवा. हा विक्रेत्यांचा नेहमीचा डाव. घेतली नाही.

सौ. सांगते, धाकट्याला आता नळीने हवा देतात. खोली बदलायचे घरच्यांनी सुचवले. तो ऐकत नाही. हट्टी, लहानपणापासून.

१८ फेब्रुवारी
मागच्या पायरीवर बसून माहितीपुस्तिका वाचली. भाषांतर भीषण. पान ९ वर ‘करवत चालू असताना करवत चालवू नये’. ४१ चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. कंपनीला पाठवणार आहे. त्यात दिवस गेला. चार्जरचा हिरवा दिवा लागला आहे. उद्या झाड पाडून अकरापर्यंत धाकट्याकडे. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

१९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८.१५
प्रारंभ. गॉगल, हातमोजे, पायात जुने बूट. वायर नाही, कोणाचे उपकार नाहीत. यालाच स्वातंत्र्य म्हणतात. त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी आज उघडी आहे. टक लावून बघायची सवय!

८.५०
खोडात तिसऱ्या हिश्शापर्यंत काप गेला. साखळीने गती कमी केली. मी थांबलो नाही, करवत थांबली. बॅटरीवरचे चारही दिवे विझलेले. पुस्तिकेत चाळीस मिनिटे म्हटले होते. ती बहुधा लोण्याबद्दल असावीत. ओल उडून गेलेले लाकूड दगडासारखे असते, हे तक्त्यात घ्यायचे राहिले.

८.५५
झाड किंचित बसले आणि करवतीची पट्टी फटीत चिमटली. ओढून पाहिली. हलत नाही.

१०.३०
बॅटरी काढून चार्जिंगला लावली. लाल दिवा. ती तापली आहे, निवल्याशिवाय चार्ज होणार नाही. यंत्रांनाही विश्रांती हवी, हे मला पटते.

संध्याकाळी
बॅटरी भरली. बसवली. मोटर गुरगुरते, साखळी जागची हलत नाही. करवत सध्या झाडातच ठेवली आहे. तशी ती जागा सुरक्षित आहे. वरून प्लॅस्टिक बांधले. दोन्ही घरांतून स्पष्ट दिसते.
धाकट्याकडे जाणे अर्थातच लांबले. काम अर्धे टाकून कोण जातो?

२० फेब्रुवारी
वारा नव्हता. तरी दिवसभर झाडाकडे लक्ष ठेवून होतो. दुपारी सौ. भिंतीपलीकडून आली आणि म्हणाली की धाकट्याने निरोप दिला आहे. बोलताना त्याला दर दोन शब्दांना थांबावे लागते, तरी त्याने तो दोनदा म्हणून दाखवला. निरोप: "दादाला सांग, फटीत पाचर ठोक. ओढू नकोस."
मी विचारले, आणखी काही म्हणाला का? ती म्हणाली, तुम्ही जाऊन विचारा.
न मागितलेला सल्ला. स्वीकारण्याचे कारण नाही.

२१ फेब्रुवारी, पहाटे ५.४५
पुस्तिकेच्या पान ३१ वर पाचरीचा उल्लेख आहे. मला तो आधीच ठाऊक असावा. लाकडाची पाचर तासली, उजाडण्यापूर्वी फटीत ठोकली. सहाव्या ठोक्याला पट्टी सुटली. करवत हातात आली तेव्हा त्यांच्या खिडकीत दिवा होता. वाटले, आत्ताच हाक मारावी. पण माझ्या अंगावर रात्रीचे कपडे होते.

२२ फेब्रुवारी
एका बॅटरीवर उरलेला काप होणार नाही आणि झाड पुन्हा अर्धवट टाकणे धोक्याचे. दुसरी बॅटरी मागवली. चार दिवस लागतील. दुकानदाराने ‘सांगितलं होतं ना’ असे म्हटले नाही. पण त्याच्या गप्प बसण्यात ते वाक्य पूर्णविरामासकट होते.

तोवर झाड अर्धे कापलेले. म्हणून त्यांना लेखी सूचना देणे माझे कर्तव्य ठरते. चार खर्डे केले. पहिल्यात ‘प्रिय धाकट्या’ असे आले होते. सूचनेत ते विजोड दिसते, म्हणून काढले. अंतिम मसुदा: ‘कळविण्यात येते की, संबंधित वृक्षाचे छेदन अंशतः झालेले असल्याने रुग्णास तूर्त पुढील खोलीत हलविणे हितावह होईल.’ एकही शब्द कमी करता येणार नाही.
सौ.कडे दिला. तिने वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वाचला. "हे तुम्ही त्याला लिहिलंय?" एवढेच विचारले. घेऊन गेली.

रात्री
उत्तर तोंडी आले. खोली बदलायची नाही. सौ.च्या म्हणण्यानुसार सूचना ऐकताना तो इतका हसला की नळी नीट बसवावी लागली. हसण्यासारखे त्यात काय होते, ते समजले नाही.
झाडे तोडणाऱ्याला तिने पुन्हा बोलावले. त्याने खोडाला दोर बांधून आमच्या बाजूला ताणून ठेवला. मी आत होतो, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

२४ फेब्रुवारी
हवा किंचित हलते. दोर तटतटतो. तीनदा उठून पाहिले. सौ. आज घरी जेमतेम तासभर होती. म्हणाली, आजच्या आज जाऊन या. मी म्हणालो, बॅटरी रविवारी येते. रविवारी सकाळी काप पूर्ण, झाड आडवे, आंघोळ, आणि अकरा वाजता मी त्याच्यासमोर. मध्ये फक्त शनिवार आहे. ती म्हणाली, "शनिवार तुमच्या मालकीचा आहे का?"
चिडली की ती फार नेमके बोलते.

२६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
सकाळी सात वाजता धाकट्याच्या दाराशी पाच-सहा माणसे जमलेली दिसली. दोघे मान वर करून झाडाकडे पाहत होते. सौ. चहा न करताच गेलेली. तक्रार होणार, हे मी ओळखले. थोड्या वेळाने ती भिंतीशी आली आणि "अहो, या इकडे" एवढेच म्हणाली.

मी तयारीनिशी गेलो. इस्त्रीचा सदरा घातला. फाइल घेतली: तक्ता, बिल, हमीपत्र, सूचनेची स्थळप्रत. मनाशी तीन वाक्ये जुळवली. झाडाचा कल, कापाची खोली, दोराची सोय. क्रमाने आणि शांतपणे सांगायचे.

पुढच्या दाराने गेलो. अकरा वर्षांत त्यांनी दाराचा रंग बदलला आहे. झाडाचे कोणी विचारले नाही. माणसे बाजूला झाली आणि मला मागच्या खोलीपर्यंत वाट मिळाली.

पहाटे साडेचारला. झोपेत.

इतका बारीक झाला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. सौ. म्हणते, रोज सांगत होते.

खाट खिडकीला लावलेली. तिथून आमचे अंगण संपूर्ण दिसते. झाड, काप, मागची पायरी. मी पुस्तिका वाचत बसलो होतो ती जागासुद्धा.

धाकटी उशाशी बसली होती. माझ्याकडे न पाहता बोलली. "गेल्या रविवारपासून खिडकी लावू दिली नाही यांनी. पुढचं दारही नुसतं लोटून ठेवायला सांगायचे. म्हणायचे, दादा काम आवरून येईल, त्याला कडी वाजवायला लावू नको."
मग म्हणाली, "रात्री कडी मी लावायचे, भाऊजी. ते उघडीच समजायचे."

सगळे माझ्याकडे पाहत होते. काहीतरी बोलणे आवश्यक होते. तीन वाक्ये तयार होती; त्यांतले एकही तिथे चालण्यासारखे नव्हते.

मी म्हणालो, "बॅटरी संपली होती."

दुपारी कुरियरवाला आला. दुसरी बॅटरी. सही करून घेतली. चार्जिंगला लावलेली नाही.