पेडगावच्या म्हशींची सरासरी

परभणी, मंगळवार
(कॉलेजच्या स्टाफरूममधून, पुढचे दोन तास मोकळे आहेत)

तीर्थस्वरूप सौ. सुमंगला मावशीच्या पायाशी रोहिणीचा दंडवत.

तुझा गुडघा काय म्हणतो? मालिश चालू आहे की तेलाची बाटली आणून नुसती खिडकीत ठेवली आहेस? काकांना सांग, शुगरच्या गोळ्या डबीत ठेवल्यानं शुगर उतरत नसते. इकडे सगळे खुशाल. अण्णाही खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

पत्र बघून दचकू नको. फोनवरच लिहिलं असतं, पण तुझ्या फोनवर काही आलं की काका ते ओसरीत बसून मोठ्यानं वाचतात आणि आवडलं तर सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतात. (माझ्या दाढदुखीची बातमी गंगाखेडपर्यंत गेली होती. अजून लोक लवंगा पाठवायलेत.) म्हणून हे पत्र साक्षीच्या हाती देते. साक्षी माझी विद्यार्थिनी, पहिल्या वर्षाला आहे, तुमच्याच पूर्णेहून रोज रेल्वेनं ये-जा करते. तिला चहा दे, चिवडा दे, पण काही विचारू नको. पोरगी हुशार आहे, पण तिच्या पोटात तीळभर गोष्ट राहत नाही. त्याचे परिणाम पुढे येतीलच. पाकिटाला मी तीन स्टेपल मारल्यात.

तर मुद्दा रविवारचा. रविवारी मानवतची मंडळी मला बघायला येणार. स्थळ तू आणलेलं, शब्द अण्णांनी दिलेला, पोह्याची जबाबदारी शेजारच्या काकूंवर टाकलेली. फक्त माझा होकार तेवढा राहिलाय. याआधी चार स्थळांना मी नाही म्हटलं. आता पाचव्यालाही म्हटलं तर माझ्या लग्नाचं नावच काढणार नाही, असं अण्णांनी जाहीर केलंय, आणि ते बोलल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय. मला ते बघवत नाही गं. होकार-नकार मी तुला पंधरा दिवसांपूर्वीच कळवणार होते. नाही कळवला, कारण त्या दिवशी मी पेडगावला म्हशी मोजायला गेले होते. हसू नको, नोकरी आहे.

तुला माहीत आहे, मी पोरांना संख्याशास्त्र शिकवते. (तासावर. अण्णा पाहुण्यांत प्राध्यापक सांगतात, तो भाग वेगळा.) सरासरी पोरांना येते, सगळं मिळवा आणि भागा, त्यात काय. पण आकडे सरासरीपासून किती लांब लांब पसरलेत, त्याला विचलन म्हणतात, ते काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. दोन महिने फळा खरवडला. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, गावात न्या, खरी माहिती गोळा करू द्या. मग आम्ही एक फॉर्म केला. घरात माणसं किती, दुभती जनावरं किती, दूध किती, दिवसाला चहा किती कप, शिक्षण किती. इतका निरुपद्रवी फॉर्म परभणी जिल्ह्यात आजवर कुणी छापला नसेल.

पेडगावात घरं चारशे दहा. सगळी कुठून बघणार? म्हणून चारशे दहा चिठ्ठ्या केल्या, देवळापुढच्या पारावर हंड्यात टाकल्या आणि एका लहान पोरीला डोळे मिटून चाळीस उचलायला लावल्या. तिथंच माती खाल्ली. चिठ्ठ्या म्हटल्यावर गावानं ठरवूनच टाकलं की घरकुलाची यादी निघायलीय. ज्याचं नाव निघालं त्याला लोक पाठीवर थापा मारायले, एकानं तर पेढे वाटले. लिंबाजी आबांचं नाव निघालं नाही, तर त्यांनी हंड्यालाच मिठी मारली आणि फेर काढा म्हणाले. मी समजावलं, आबा, यात प्रत्येक घराला सारखाच चान्स असतो. आबा म्हणाले, "मंग माझा चान्स कुठं गेला?" मावशी, मी एम.एस्सी. आहे, पण याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सकाळी आम्ही वीस घरं केली. अशी गरिबी मी जन्मात पाहिली नाही. एका घरी मोटारसायकलवर गोधडी पांघरलेली, आणि विचारलं तर आजारी हाय म्हणे. एका घरी परसातून म्हैस हंबरायली. बाई म्हणाली शेजाऱ्याची. शेजारी गेलो तर तो म्हणाला त्यांचीच. मधल्या मधे ती म्हैस बेवारस. चहा किती कप, तर चहा आमच्यात कुणी घेतच न्हाई, असं म्हणत मावलीनं माझ्या हातात चहा दिला, आणि वर सांगितलं की तुमच्यासाठी मागून आणलाय. (मागून आणायला ती बाहेर गेलेली मला दिसली नाही, पण मी लिहून घेतलं, जे सांगतील ते लिहायचं, असा नियम मीच घालून दिला होता.) वीस घरांत मिळून दुभती जनावरं निघाली सहा. पोरं डोळे पुसायच्या बेतात. महारुद्र नावाचा एक आहे वर्गात, तो म्हणाला, मॅडम, आपण वर्गणी काढू.

दुपारी सगुणाबाई नावाच्या एका आजींनी आग्रह करून भाकरी वाढली. जेवता जेवता त्यांनी मला नेहमीचे तीन प्रश्न विचारले, कुणाच्या, पाव्हणे कुठले, लगीन झालं का. मी घास गिळेपर्यंत साक्षीनं उत्तर देऊन टाकलं, की मॅडमचा बघण्याचा कार्यक्रम लवकरच आहे. झालं! आजींनी भाकरीवरून हात उचलला, माझ्याकडं एकदा बघितलं, फॉर्मकडं एकदा बघितलं. घरात माणसं किती, म्हशी किती, पोरगा किती शिकला. आता हे प्रश्न घरकुलाचे वाटतात का तूच सांग. पाच मिनिटांत गावभर झालं की जमाना बदलला, आता पोरगीच वही-पेन घेऊन पोरं बघत फिरायली, आणि चिठ्ठ्या निघाल्या त्या स्थळांच्या होत्या.

आणि दुपारची आळी नेमकी आपल्या सोयरिकीतल्या लोकांची! मग काय विचारतेस. सकाळी ज्या गावात चहाचं नाव नव्हतं, तिथं दुपारी पोहे निघाले. वीस घरांपैकी अकरा घरी पोहे. (पोरांना मी तिथंच सांगितलं, जे सगळ्यांत जास्त वेळा येतं त्याला बहुलक म्हणतात. पोरांना कळलं. मला ढेकर आला.) प्रत्येक ओसरीवर एक भांग पाडलेला मुलगा बसलेला, कुणी उलटी पोथी वाचतोय, कुणी मोबाइलवर इंग्रजीत बोलतोय आणि पलीकडं कुणीच नाही. शिक्षण सगळ्यांचं झालेलं. म्हशी तर अशा वाढल्या की विचारू नको. कुणाकडं चार, कुणाकडं सहा, दाव्याला बांधून दाखवल्या मला. त्यातली एक म्हैस माझ्या नजरेत भरली, कारण तिला एकच शिंग होतं. तीच एकशिंगी दुसऱ्या घरी, आणि अर्ध्या तासानं तिसऱ्या घरी. तिसऱ्या घरी ती माझ्याकडं ओळखीनं बघायली. वीस घरांत जनावरं सत्तर!

शेवटचं, म्हणजे चाळिसावं घर फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाचं होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही. अवधूत नाव. त्याच्या आईनं, सरजाबाईंनी, तीन म्हशी आणि पोरगा ऑफिसर असं सुरू केलं, तेवढ्यात हा आतून हात पुसत आला आणि म्हणाला, "आई, म्हैस एकच हाय, आन् ती बी आटलीय." दूध किती विचारलं, तर म्हणाला आज शून्य, पण वर्षाचं काढलं तर येईल काहीतरी. आणि मग त्यानं मला विचारलं, "सरासरी लिहिता का मध्यक? आमचे दोन महिने लय दुधाचे असतात, त्यानं सरासरी उगीच फुगती." मावशी, मध्यक म्हणजे सगळे आकडे ओळीनं लावल्यावर जो मधोमध येतो तो. तुला त्याचं काही नाही वाटणार. माझ्या हातातला पेन पडला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा नाही.

चहा किती, तर सात कप. कमी करायचेत, होईनात. शिक्षण, तर बी.ए. अर्थशास्त्र, संख्याशास्त्राचा पेपर एकदा राहिला, दुसऱ्यांदा छत्तीस मार्क. आई डोळे वटारायली आणि हा सांगतच होता. वर म्हणाला, ती एकशिंगी आमचीच. शेजाऱ्यांनी मागितली, नाही म्हणवेना. दुपारपासून तीन घरं हिंडून आली, बिचारीला पाणी पाजायचं राहिलंय. आमची एक ठेवा, बाकी तीन खोडा. आणि पोहे नाही आणले त्यानं. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आत जाऊन ओवा-मीठ आणलं. चिमूटभर. एवढंच, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी चाळीस फॉर्मची बेरीज केली. सकाळचे सहा, दुपारचे सत्तर, एकूण शहात्तर. भागिले चाळीस, घरामागं एक पूर्णांक नऊ. मग आम्ही जनावरांच्या लसीकरणाची गावची नोंद मागवली. चारशे दहा घरं, सातशे एकोणऐंशी दुभती जनावरं. भाग बघ. एक पूर्णांक नऊ! एकूणएक खोटं, आणि सरासरी तंतोतंत खरी. विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. महारुद्र मात्र हळूच म्हणाला, मॅडम, सकाळी सगळे शून्याला चिकटलेले, दुपारी चाराला, आणि दोनच्या जवळ जवळ कुणीच न्हाई. हेच का ते विचलन? दोन महिने फळ्यावर जे जमलं नाही ते पेडगावच्या म्हशींनी एका दिवसात केलं. मी त्या तीन म्हशी खोडल्या, तर आकडा एक पूर्णांक आठवर आला. विभागप्रमुख म्हणाले, तीन म्हशींपायी एवढा सुंदर निकाल कशाला नासवता? मी एक पूर्णांक आठच लिहिलं. तेव्हापासून तेही माझ्याशी बोलत नाहीत. अण्णांना सोबत झाली.

आता खरं सांगते, होकार का अडकलाय ते. त्या रात्री घरी येऊन मी मानवतचा बायोडाटा परत काढला. दहा एकर बागायत, पाच म्हशी, मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत. मावशी, हा बायोडाटा दुपारचा आहे गं. आणि माझा तरी कुठं सकाळचा आहे? अण्णांनी त्यात प्राध्यापिका लिहिलंय, उंची चपलेसकट लिहिलीय आणि स्वयंपाकाची आवड लिहिलीय. दोन दुपारचे कागद समोरासमोर बसून पोहे खाणार, आणि मोठी माणसं त्यांची सरासरी काढून म्हणणार, जोडा शोभतो. मला लग्न नको असं नाही. मला भीती वाटते. दिवसभर पोरांची उत्तरं तपासायची, आणि घरी येऊन नवऱ्याची तपासायची, हे जन्मभर माझ्यानं होणार नाही. एवढं एक माणूस समजून घेईल तर ते तू, म्हणून तुला लिहिलं.

पण तू काळजी करू नको. तुझा शब्द, अण्णांचा शब्द, मी खाली पडू देणार नाही. रविवारी मोरपंखी साडी नेसून खाली मान घालून बसेन. काकांना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला आराम.

तुझी लाडकी,
रोहिणी

ता. क. : मानवतच्या पाच म्हशी काकांना एकदा बघून यायला सांग. पाचही एकाच वेळी, एकाच गोठ्यात मोजायच्या. कुणाला किती शिंगं आहेत तेही बघावं.

आणखी एक : मोरपंखी साडीला इस्त्रीचा डाग पडलाय. त्यामुळं रविवार एखादा पंधरवडा पुढं ढकलता आला तर बघ. साडी महत्त्वाची असते.

आणखी : तुझ्या धाकट्या नणंदेचं सासर पेडगावचंच ना? सहज आठवलं. त्या चाळिसाव्या घराची, तू आपल्या मनानंच केल्यासारखी, जरा चौकशी करशील का? माझं नाव नको. अण्णांना सांगताना स्थळ तुलाच सुचलं असं सांग, आणि म्हैस आटलीय हे आधी सांगू नको. माझा यात काडीचा संबंध नाही. त्या दिवसानंतर मी पेडगावला गेलेसुद्धा नाही, माझं काय काम तिकडं?

शेवटचं : हे साक्षीला कळता कामा नये.

ता. क. : मावशी, नमस्कार. हे मी लिहायलेय, साक्षी. मॅडमच्या तीन स्टेपल काढल्या, पण मी चार मारल्यात. माहिती दडवली तर सगळं गणित चुकतं, असं मॅडमनीच शिकवलंय, म्हणून कळवते. त्या दिवसानंतर मॅडम पेडगावला तीनदा जाऊन आल्या, दोनदा मी संगं होते. वहीत त्यांनी फेरतपासणी असं लिहिलंय. चाळीस घरांपैकी फेरतपासणी एकाच घराची झाली. म्हैस अजून आटलेलीच हाय.