सात कडव्यांवरचं तळं

११ जून २०२५, बुधवार. नजरबाद, म्हैसूर

हुणसूरच्या पुढे आमच्या गावी जाऊन आलो. सरकारी बस, खिडकीची जागा, सुख. काम मात्र सुखाचं नाही. पुट्टस्वामीने, माझ्या चौथीच्या सोबत्याने, तहसील कचेरीत अर्ज केलाय. शाळेच्या खालच्या अंगाला आपलं केरे होतं, म्हणजे तळं. लेआउटवाले त्यात माती टाकून प्लॉट पाडतायत, ते थांबवा. पुढे बांध फुटला, हल्लीच्या कागदांत तिथे नुसती पडीक जमीन. भरलेलं तळं पाहिलेली माणसं उरली दोन, तो नि मी. अर्जदाराचं बोट चालत नाही, म्हणून जागा दाखवायला मला बोलावलं.

माझ्याकडे माप पक्कं. शाळेच्या फाटकापासून पाण्यापर्यंत सात कडवी. मास्तर झाडांसाठी पाणी आणायला धाडायचे, तेव्हा हातात कळशी नि तोंडात पावसाची कविता. वडिलांनी पलटणीतून रजेवर येताना बेळगावचं मराठी पुस्तक आणलं होतं, त्यातली. शाळेत कन्नड पद्य, घरी ते पुस्तक. पुट्टाला शब्द कळत नसत, चाल पाठ. सातवं कडवं संपलं की पाय पाण्यात. एकदाही चुकलं नाही.

आज तसाच म्हणत निघालो. सातवं संपलं नि नाकासमोर तंबाखू भट्टीच्या आचेवर सुकवायच्या जुन्या बार्नची भिंत.

लेआउटवाल्यांचा माणूस म्हणाला, "ताता, अहो आजोबा, इथे मासे भाजलेलेच मिळत असतील." सगळे हसले. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने लिहून घेतलं: साक्षीदाराने बार्नची जागा दाखवली. सुनावणी २४ जुलैला. तिथे हरलो तर तळं गेलंच.

१२ जून

मोहन म्हणाला, "अप्पा, सदुसष्ट वर्षं झाली. स्वप्नात पाहिलं असेल." आमच्या चिरंजिवांचं हे नेहमीचं. मी काही सांगितलं की स्वप्न.

सून शर्वरी ऐकत होती. नाशिकची मुलगी, बोलण्याआधी मोजते. ताटं उचलताना म्हणाली, "बाबा, वरून बघायचं का?" तिची नोकरीच ती. उपग्रहांची चित्रं घेऊन पिकांचे नकाशे करते. इतकी वर्षं घरात आहे, मी कधी विचारलं नव्हतं.

१५ जून, रविवार

श. ने पन्नास वर्षांपूर्वीपासूनची चित्रं उघडली. हिरवी शेतं लालभडक. म्हणाली, डोळ्यांना न दिसणारा उजेड आहे तो, झाडं तो भरपूर परत फेकतात, म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. पाणी काळं. आमच्या पुस्तकातलं गाव असं कधी नव्हतं, पण बघत राहिलो.

"यात माणूस दिसतो?"

"या जुन्यांत घरसुद्धा नाही. एक ठिपका म्हणजे आपली अख्खी गल्ली."

मग रात्रीचं दाखवलं, दसऱ्याच्या दिवसांतलं. म्हैसूर म्हणजे सोन्याचा गोळा. देवापुढची समई दिसते का विचारलं, तर हसली. एच. डी. कोटेच्या जंगलाच्या बाजूला काळोख, गावाकडे काळोख. मी बोट ठेवलं, हे बघ, काळं, तळं. "नाही बाबा. रात्री शेतही काळं, जंगलही काळं. तिथे दिवे नाहीत, एवढंच यातून कळतं." माझी बाजू घेण्यासाठीसुद्धा खोटं बोलत नाही. राग आला. नंतर बरं वाटलं.

बार्नची जागा सगळ्या वर्षांत तपासली. कुठेही पाणी नाही. एकदाही नाही.

कविता म्हणावीशी वाटली नाही आज.

३ जुलै

पुट्टाचा फोन. म्हटलं, अरे, माझी साक्ष मागे घेतो, मला आता भरवसा राहिला नाही.

"एनो राव, डोकं फिरलं काय? आपण केऱ्याला चालत कधी गेलो? उतार तो. पळत जायचो. मास्तर पाठीशी छडी घेऊन उभे."

पळत.

पळत म्हणायचो आपण. धापा टाकत. आणि मी परवा काठी टेकत गेलो, कडव्याला वीस पावलं. कविता तेवढीच राहिली, पाय आखडले.

६ जुलै, रविवार

श. रोज सकाळी पळते. तिला गावी नेलं. मी शाळेच्या फाटकात उभा, फोनवर कविता म्हणतोय, ती कानात तार घालून, पुट्टाच्या घरची कळशी काखेत घेऊन पळतेय. सांगितलं होतं, तुझ्यासारखी नको, नऊ वर्षांच्या पोरासारखी पळ. गल्लीतल्या बायका दारात. एकीने पुट्टाला विचारलं, ही सून कुणाच्या मागे लागली? तो म्हणाला, पाण्याच्या.

सातवं कडवं संपलं. फोनवर तिचा श्वास. "बाबा, बार्न मागे राहिलं. मी नव्या मातीच्या ढिगाच्या कडेला आहे. इथे जमीन खाली जाते."

घरी आल्यावर तिने त्याच जागेची जुनी चित्रं काढली. उन्हाळ्यातल्यांत काही नाही. पावसानंतरच्या एकात काळा डाग. वरचा टोकाचा भाग बाजूला वळलेला, कोयरीसारखा. दुसऱ्या वर्षीच्यातही तोच.

मी शर्टाला डोळे पुसले. ती स्क्रीन पुसत राहिली, उगाच.

१२ जुलै

श. ला अजून पुरेसं वाटत नाही. "ते म्हणतील, चार ठिपके, ढगाची सावली असेल. आज तिथे पाणी साचतं हे दाखवायला हवं." पण पावसाळ्यात वर नुसते ढग, फोटो कसा निघणार? म्हणे, रडारचा उपग्रह वेगळा. तो उजेडाची वाट बघत नाही. स्वतःच लहरी सोडतो, परत येतील त्या मोजतो. त्या ढगांतून जातात, अंधारातही जातात. संथ पाणी त्यांना दुसरीकडेच उडवून देतं, परत काही येत नाही, म्हणून काळं दिसतं.

अंधारात, ढगांआडून, स्वतःच हाक मारायची नि उत्तर ऐकायचं. मास्तर असते तर यावर निबंध घातला असता.

१९ जुलै

आठवडाभर पाऊस. चित्र आलं. उजाडायच्या आधी घेतलेलं, तेव्हा इथे आम्ही सगळे पांघरुणात. डावीकडचा तुकडा मातीने खाल्लेला. उरलेलं काळं, लख्ख काळं, टोक वळलेलं. श. ने ते जुन्या चित्रावर ठेवलं. कडेला कड बसली.

मोहन मागे येऊन उभा राहिला. मग खुर्ची ओढून म्हणाला, "अप्पा, तिथे आणखी काय काय होतं?"

जेवण थंड झालं. सांगत होतो.

२४ जुलै, गुरुवार

सुनावणी. लेआउटवाल्यांचे वकील म्हणाले, साक्षीदार कवितेने जमीन मोजतो. मी म्हटलं, मोजतो, नि चुकलो ते पावलांत, कवितेत नाही. पाटीमागच्या तहसीलदार बाईसाहेब गालात हसल्या. "म्हणा बघू."

कचेरीत उभा राहून म्हटली. सातही कडवी. त्यांना मराठी येत नसावं, पण शिपायाने पंखा बंद केला.

मग श. ने दोन्ही चित्रं ठेवली. आपल्या मर्यादाही तिनेच सांगितल्या: जुन्यातली कड एका ठिपक्याने इकडेतिकडे असू शकते, पाणी किती खोल ते यातून कळत नाही. वकिलांनी फाइल मिटली. बाईसाहेबांनी जुना नकाशा मागवला, सर्व्हेयर नेमला, तोवर माती टाकणं बंद. आजपासून.

बाहेर पुट्टाने श. ला कॉफी पाजली. मला म्हणाला, तू आपली आपण घे, तू बार्न दाखवलंस.

जिंकलो. लिहून ठेवतो: जिंकलो.

३ ऑगस्ट, रविवार

सर्व्हेयर उद्या येणार. दगड कुठे रोवतो कोण जाणे. टाकलेली माती काढायचं कुणी बोलत नाही, बांध फुटलेलाच आहे.

आज फक्त पुट्टा नि मी गेलो. फाटकातून निघालो, काठ्या टेकत, कविता म्हणत. सातवं संपलं, बार्न. थांबलो.

"का थांबलास?"

"संपली."

"परत पहिल्यापासून म्हण की."

म्हटली. तीही संपली, मग पुन्हा सुरू केली. तिसऱ्या खेपेला, तिसऱ्या कडव्यावर, आम्ही चपला काढल्या.