तपासणीसाठी राखलेल्या दोन गोळ्या

६ मार्च
गोदामात खोक्यासकट शिडीवरून पडलो, त्याला पाच महिने झाले. कंबर ठीक. म्हणजे ठीकच म्हणायची. एक तारखेला कामावर हजर व्हायचं, नक्की.
आज मेडिकलवाला कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, काका, तुमच्या गोळ्यांची मंजुरी थांबलीय. कामगार विम्याचे डॉक्टर तुम्हाला तपासणार, मग ठरणार. तपासू देत. माझी पहिल्या भेटीतच छाप पडते.

९ मार्च
आठ गोळ्या शिल्लक. तपासणी सोळाला. आजपासून दोनऐवजी एकच. संयम माझ्या रक्तातच आहे.

१० मार्च
दोन घेतल्या. अपवाद म्हणून.

१३ मार्च
आता दोनच उरल्या. त्या तपासणीच्या दिवसासाठी. उद्या-परवा बिनगोळीचे. मनाची तयारी झाली आहे.

१५ मार्च
लेक वही दाखवायला आली, तिच्यावर उगाच खेकसलो. मग ती दाराआडूनच बघत होती. गोळीचा काही संबंध नाही, उकाडा फार आहे.

१६ मार्च, दुपारी
मैदान मारलं! तासभर आधी दोन्ही गोळ्या घेतल्या. इस्त्रीचा शर्ट. बायको म्हणाली, काठी घेऊन जा, आहे तसं दिसू दे त्यांना. बाईमाणूस साधं असतं. कण्हत गेलो असतो तर सोंग करतो म्हणाले असते. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, मी म्हणालो, उत्तम. वाका म्हणाले, वाकलो. त्यांचं पेन पडलं, तेही मीच उचलून दिलं. खूश झाले. बराच वेळ लिहीत होते.

१७ मार्च
उठता आलं नाही. बायको आणि लेक, दोघींनी मिळून बसवलं. कालची दगदग.

२४ मार्च
विम्याचं पत्र. 'सदर कामगार विनासायास वाकतो. जमिनीवरील पेन उचलतो. वेदनाशामक औषधांची आवश्यकता नाही.' पेनसुद्धा सोडलं नाही. फोन करून सांगितलं, अहो, गोळ्या घेतल्या होत्या म्हणून वाकलो. तिकडची बाई म्हणाली, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तिचं बरोबर आहे. कामावरचं तूर्त पुढे ढकललं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अपील करता येतं म्हणे.

२६ मार्च, सकाळी
अपिलाचा फॉर्म. 'दुखण्यामुळे काय जमत नाही ते सविस्तर लिहा.' मी लिहिलं, 'वाकताना किंचित त्रास.' बायकोने वाचलं आणि फॉर्म काढूनच घेतला. ओट्यावर ठेवून उभ्या उभ्या लिहीत राहिली. रकाना भरला, मग लेकीच्या वहीतली दोन पानं जोडली.
वाचायला दिलं. 'खुर्चीत दहा मिनिटांवर बसवत नाही. कूस बदलायला मला हाक मारतात. लेकीला जवळ घेत नाहीत, तिचा धक्का लागेल म्हणून.' हे सगळं तिने कधी बघितलं, कळलं नाही. मी तर हसून वेळ मारून नेत होतो.
शेवटची ओळ : 'रोज सकाळी बाथरूमचा नळ सोडून रडतात. बाहेर ऐकू येतं.'
मला वाटत होतं, नाही येत.
ही ओळ खोड म्हणालो. ती पेन पुढे करून उभी राहिली. मी सही केली.