आबेनाचे ओठ

३ ऑगस्ट
केप कोस्टहून कुमासीला सुखरूप पोहोचलो. मूळची आमच्याच गावची चित्रकार बोआटेमा हिच्या घराची वरची खोली महिनाभरासाठी घेतली आहे. खोली हवेशीर आहे. न्याहारीची बाजरीची पेज आणि चवळीची भजी उत्तम होती. माझी पत्नी आबेना हिच्या पहिल्या स्मृतिदिनी तिचे चित्र सर्वांसमोर मांडायचे आहे. तोवर अंगावरचे दुखवट्याचे काळे वस्त्र उतरवणार नाही.

७ ऑगस्ट
चित्र हुबेहूब उतरले. परंतु आबेना तोंड उघडून हसते आहे, पुढच्या दातांमधली फट स्पष्ट. मुख्याध्यापकाच्या पत्नीने चारचौघांत असे हसू नये, हे मी तिला तीस वर्षे सांगत असे. ओठ मिटवण्यास सांगितले. बोआटेमा म्हणाली, अहो मास्तर, त्या फटीवर अख्खं गाव भाळायचं, आणि तुम्ही तिला कुलूप घालताय? चित्र काकूंचं आहे की तुमचं? तरीही तिने ओठ मिटवले.

८ ऑगस्ट
ओठ पुन्हा उघडे. बोआटेमाने हात लावला नसल्याची शपथ घेतली. वर म्हणाली, काकू ऐकत नाहीत वाटतं! कुंचला मागून घेतला आणि ते मी स्वतः मिटवले.

९ ऑगस्ट
आज मिटलेले राहिले. मात्र सकाळपासून माझे तोंड उघडत नाही. ओठांवर तपकिरी रंग वाळला आहे. टर्पेंटाइननेही निघत नाही. बोआटेमा रडवेली झाली. म्हणाली, मास्तर, हट्ट सोडा, त्यांचे ओठ मोकळे करा, तुमचेही होतील. मी कागदावर ‘नाही’ लिहिले आणि खाली रेघ ओढली.

११ ऑगस्ट
दोन दिवस पेज नाही, पाणी नाही. बोआटेमा घाबरून बहिणीकडे गेली. आबेना माझ्याकडे पाहते — शेवटच्या आजारात पाहत असे, तशी. तेव्हा एकदा तिने काही सांगण्यासाठी तोंड उघडले होते. मी म्हटले, सावकाश. नीट, पूर्ण वाक्यात सांग.
तिने सांगितलेच नाही.

१२ ऑगस्ट
माघार घेणार नाही. ती नजर — चित्रातला तिचा उजवा डोळा मिटवला. एकच फटकारा. लगेच माझ्या उजव्या डोळ्यापुढे अंधार. अक्षर तिरके जाते आहे, क्षमस्व.
ओठ मोकळे केले, तर ती हसेल. किंवा ते राहिलेले वाक्य बोलेल. ते ऐकण्यापेक्षा —
कुंचला डाव्या हातात आहे. दुसरा डोळाही मिटवतो. आबेना, शेवटचा शब्द माझाच रा