विआर्डाबाईंचं खालचं कॅलेंडर

३ ऑक्टोबर, हार्लिंगन

घर झालं एकदाचं आमचं. सकाळी नोटरीपुढे सह्या केल्या, दुपारी किल्ली खिशात पडली, आणि आता मी समोरच्या खोलीत एका पालथ्या खोक्यावर बसून हे लिहितोय. हिल्केनं धक्क्यावरच्या गाडीवरून तळलेला मासा आणला. खिडकीतून बंदरातल्या डोलकाठ्या दिसतात. बायको खूश, मीही खूश. असं एकाच दिवशी आमच्याकडे क्वचितच होतं.

घर सव्वाशे वर्षांचं आहे. इथे विआर्डाबाई एकट्या राहायच्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. भाच्यांनी फर्निचर नेलं आणि पडदे आमच्या गळ्यात मारले. आम्ही हे घर घेतलं ते खाली न्हाणीघर आहे म्हणून. आईचं खुब्याचं हाड ऑगस्टमध्ये मोडलं. जिना आता तिला जमायचा नाही. सध्या ती फ्रानेकर गावच्या शुश्रूषा केंद्रात आहे, तिचा फ्लॅट आम्ही सोडून दिलाय, आणि २१ तारखेला तिची खाट दुसऱ्याला मिळणार आहे. २१ लाच तिचा ऐंशीवा वाढदिवस. म्हणजे त्या दिवशी ती इथे येणार, याच खोलीत राहणार, आणि तोवर तिला एकटीला अंघोळ करता येईल असं न्हाणीघर तयार हवं. अठरा दिवस आहेत. सुट्टी घेतलीय. कारागिरांना पैसे वाटायचे नाहीत, सगळं स्वतः करायचं. होऊन जाईल.

५ ऑक्टोबर

न्हाणीघराकडे आज नीट पाहिलं. कालच्यापेक्षा लहान वाटलं. चॉकलेटी टाइल, त्यांवर नारिंगी फुलं. हे ज्यानं पसंत केलं त्याला मला भेटायचंय. टब काढायचा, त्या जागी सपाट जमिनीचा शॉवर, भिंतीला धरायला दांडे, बसायला घडीची खुर्ची. पांढऱ्या टाइल स्नेक गावच्या एका माणसाकडून जवळजवळ फुकट मिळाल्या, त्याच्या उरलेल्या. तीन छटा निघाल्या, पण आईला चष्म्याशिवाय कळणार नाही. फोनवर तिला तसं सांगितलं तर म्हणाली, चष्मा घालूनच अंघोळ करीन मग.

दाराच्या आतल्या अंगाला, कमोडवर बसलं की नेमकं डोळ्यांसमोर येईल असं, घरोघरी संडासात असतं तसं विआर्डाबाईंचं वाढदिवसांचं कॅलेंडर अजून टांगलेलं आहे. वर फुलांची चित्रं, खाली तारखा, वार नाहीत, त्यामुळे कधी जुनं होत नाही. वरच्या मजल्यावरच्या संडासात नुसता खिळा आहे. हे मात्र चांगलं भरलेलं आहे, बारीक, उभट अक्षरात सत्तरेक नावं. एक गोष्ट विचित्र वाटली. माणूस गेला की नावापुढे छोटा क्रूस काढायचा, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आईच्या कॅलेंडरात तर आता नावांपेक्षा क्रूसच जास्त दिसतात. इथे एकही नाही. एक्क्याण्णव वर्षं जगून एकही ओळखीचं माणूस गमावलं नाही, बाईंचं नशीब मोठं म्हणायचं.

आमचं कॅलेंडर कुठल्या खोक्यात आहे ते देव जाणे, आणि नवं विकत घेणं म्हणजे चैन. यात जागा भरपूर आहे. टाइलवर खुणा करायचा मार्कर हातातच होता, त्यानं २१ ऑक्टोबरच्या रेघेवर आईचं नाव लिहिलं, तेत्स्के. काम करताना तारीख डोळ्यांसमोर राहावी म्हणून.

८ ऑक्टोबर

चॉकलेटी टाइलखाली हिरव्या टाइल. हिरव्यांखाली पिवळ्या. प्रत्येक पिढीनं खालचं न काढता वर नवं चिकटवलंय. तीन दिवस मी छिन्नी-हातोडी घेऊन या घराण्याच्या आळसाशी भांडतोय. नळाचा पाइप शिशाचा निघाला, तो बदलायला प्लंबर लागणार, आणि प्लंबर म्हणतो डिसेंबरमध्ये बघू. त्याला आईचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांनाच आई असते.

शेजारच्या योरित्समाबाई दहाच्या कॉफीला आल्या. सत्तरीच्या, तोंडानं तिखट. बिस्किट एकच घेतलं आणि न्हाणीघर दोनदा बघितलं. अहो, हातोडी अशी धरतात का, म्हणाल्या. शेजार नवा आहे म्हणून त्यांच्या कपात अजून कॉफी ओतली.

१० ऑक्टोबर

हिल्केच्या भावाच्या ओळखीनं दुसरा प्लंबर मिळाला. पाइप झाला. दुपारी जमीन सपाट करायचं पातळ सिमेंट ओतलं. आरशासारखी झाली. चोवीस तास पाय ठेवायचा नाही. दाराला बाहेरून कडी घातली आणि हिल्केला बजावलं.

११ ऑक्टोबर

पाय ठेवला. कुणीतरी पाय ठेवला. जेवून कडी काढली तर सिमेंटमध्ये अनवाणी पावलं, बोटांसकट स्पष्ट. हिल्केवर ओरडलो. तिनं बूट काढून आपला पाय माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, माझा पाय पंचेचाळीस नंबरचा आहे का. नाही. माझाही नाही.

अजून एक कळत नाही. पावलं टबाच्या जागेपासून दाराकडे येतात. तिकडे जाणारी नाहीत.

पिशवीभर सिमेंट वाया, दोन दिवस वाया. संतापानं कमोडवर बसून राहिलो. समोर कॅलेंडर. ११ ऑक्टोबर, सिब्रेन. कोण असेल तो असो, त्याचा वाढदिवस मजेत जात असेल.

१४ ऑक्टोबर

जमीन पुन्हा ओतली, पुन्हा घासली. भिंतीच्या टाइल निम्म्या झाल्या. पाठ गेली. आईचा फोन, विचारते झालं का. म्हटलं होतंय. म्हणते, तुझ्या वडिलांनीही कोंबड्यांचं खुराडं असंच होतंय होतंय म्हणत बांधलं, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली की तिथे रात्री कुणी हाकेला येत नाही, तिला घरी यायचंय. ती असं कधी बोलत नाही.

फोन ठेवून पुन्हा टाइल बसवायला लागलो.

१५ ऑक्टोबर

सकाळी जमिनीच्या टाइल बसवल्या. आज त्यांवर चालायचं नाही. कडी घातली, हिल्केला घेऊन सांधे भरायचा मसाला आणायला गेलो. मुद्दाम दोघंही गेलो.

परत आलो तर चार टाइल खाली दबलेल्या. पावलांना चिकटून आलेलं टाइलखालचं सिमेंट पॅसेजभर. या वेळी दोन माणसं, त्यातलं एक लहान पावलांचं. पावलं समोरच्या खोलीत गेली होती. तिथे आमच्या चारही खुर्च्या भिंतीपासून काढून गोल मांडल्या होत्या. वाढदिवसाला मांडतात तशा.

हिल्केनं मला न सांगता न्हाणीघरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. १५ ऑक्टोबर, फोप्पे आणि मार्टसेन. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, भाच्यांकडे जुनी किल्ली असणार. उद्या कुलूप बदलतो.

१६ ऑक्टोबर

कुलूप बदललं. मग योरित्समाबाईंकडे गेलो आणि विचारलं, या घराची किल्ली अजून कुणाकडे आहे. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. विचारलं, ते खालचं कॅलेंडर तुम्ही काढलं नाहीत का.

विआर्डाबाईंकडे दोन कॅलेंडरं होती, म्हणे. जिवंत माणसांचं वरच्या संडासात. ते भाच्यांनी नेलं. माणूस गेला की बाई वर क्रूस काढत नसत, तिथलं नाव खोडून खालच्या कॅलेंडरात उतरवत. क्रूस काढला की लोक विसरतात, असं त्यांचं म्हणणं. सिब्रेन त्यांचा भाऊ, बोटीवरून पडून गेला. फोप्पे नवरा. मार्टसेन मुलगी, सहा वर्षांची होती. ज्याचा वाढदिवस असेल त्या दिवशी बाई खुर्च्या गोल मांडायच्या, केक कापायच्या, आणि त्या गेलेल्या माणसाचं अभिनंदन करायच्या ते भिंतीपलीकडे योरित्समाबाईंना ऐकू यायचं. एकटं माणूस, एवढं चालायचंच, असं त्यांना वाटे. मग एका वाढदिवसाला पलीकडून उत्तर ऐकू आलं. तेव्हापासून त्या रेडिओ मोठा ठेवतात.

त्यांनी शेवटी विचारलं, तुम्ही त्यात काही लिहिलं तर नाहीत ना.

मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर

मार्कर निघत नाही. त्याच्या जाहिरातीतच लिहिलंय, पाण्यानं निघत नाही. स्पिरिट लावलं, टर्पेंटाइन लावलं, बाईंची शाई फिकट झाली, आईचं नाव तसंच. शेवटी राग आला आणि त्याच मार्करनं नावावर दोन रेघा मारल्या.

हिल्के दारात उभी होती. हळूच म्हणाली, रिन्से, तू तिच्या नावावर क्रूस काढलास.

पान फाडलं. मागच्या अंगणात जाळलं. मग अख्खं कॅलेंडर जाळलं, फुलांसकट. हिल्के रडत होती आणि मी तिलाच ओरडत होतो.

१८ ऑक्टोबर

फ्रानेकरला जाऊन आलो. आई ठणठणीत. वॉकर घेऊन गॅलरीभर चालून दाखवलं, सुपात मीठ नाही म्हणून नर्सला दोन शब्द सुनावले. डॉक्टर म्हणाले हृदय पन्नाशीच्या बाईसारखं आहे. गाडीत बसल्यावर मी स्वतःलाच हसलो. थकलेल्या माणसाला काहीही पटतं.

तिला आजच चल म्हटलं. तसंच, अंघोळ नसली तरी चालेल. म्हणाली, वाढदिवसालाच येणार, टॅक्सी सांगून झालीय, केस करायला बाई येणार आहे. खूप आग्रह केला. चिडली. मी हट्टी कुणावर गेलो ते सगळे सांगतात.

२० ऑक्टोबर

झालं. दांडे घट्ट आहेत, मी स्वतः लोंबकळून पाहिलं. पाणी गरम येतं. कोपऱ्यातली एक टाइल वाकडी बसलीय, ती राहू दे. कॅलेंडरच्या जागी दारावर काही नाही, खिळाही उपटला.

आईला संध्याकाळी फोन केला. बरी आहे. झोपायच्या आधी अजून एकदा केला. म्हणाली, किती वेळा विचारशील, जिवंत आहे.

२१ ऑक्टोबर, सकाळ

साडेआठला फोन केला. केस करून झाले, निळा ड्रेस घातलाय. हिल्केनं गुलाबी आयसिंगचा केक आणलाय. टॅक्सी अकराला. खुर्च्या मी मांडू दिल्या नाहीत. आल्यावर बघू.

२१, अकरा वाजून गेले

केंद्रातून फोन. कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दारात बसली होती. टॅक्सीवाल्यानं हाक मारली, तेव्हा —

दहा मिनिटांपूर्वीपर्यंत बोलत होती, म्हणतात. घरी जातेय, घरी जातेय, सगळ्यांना सांगत होती.

हिल्के फोनवर आहे. मला नीट काही —

२१

न्हाणीघरात पाणी चालू झालं.

हिल्के माझ्यासमोर आहे. घरात आम्ही दोघंच. मी उठून बाहेरून कडी घातली.

२१

पावलं. दोन्ही पायांवर, सरळ. वॉकर नाही. दांड्याला धरून उभी राहिली असणार, दांडा करकरला नाही.

पाणी छान गरम आहे म्हणते. कोपऱ्यातली टाइल वाकडी आहे म्हणते. तिच्याशिवाय कोण असं —

हिल्के बाही ओढतेय. बाहेर चल म्हणते, ती आई नाही म्हणते. नाही कशी. खोकला तिचाच आहे. मी अठरा दिवस कुणासाठी —

जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. लिहीत राहिलो तर हात दाराकडे जात नाही.

विचारते, बाहेर कोण रडतंय, आज काय रडायचा दिवस आहे. विचारते, अभिनंदन नाही केलंस अजून. मी केलं. आवाज फुटला नाही, पण तिला ऐकू गेलं. हिल्के निघून गेली, पुढचं दार उघडंच —

मला भीती वाटते. आणि मला तिला बघायचंय. दोन्ही खरं आहे.

उठलो. कडी गार आहे, ओली, या बाजूनंसुद्धा. म्हणते, सावकाश, पोरा, घाई नाही. त्यांनी माझी खाट दुसऱ्याला दिली तरी चालेल, म्हणते. आता मी कुठं जात नाही, मी तुझ्याकडेच —