आचलचं वाचन आणि माझे केस

ती. सौ. प्रणालीताईस,

शेंदूरजनाघाटाहून मनोजचा नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि जठारपेठेतला उकाडा, तिन्ही आता उतरले असतील असं धरून चालतो. इकडे आई ठणठणीत आहे (हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण मी बोलतो आणि ती शेजारून दुरुस्त्या करते, म्हणून पत्र).

पहिलीत जायच्या आत लेकीला वाचता आलं पाहिजे, म्हणून तू आचलला सुटीत माझ्याकडे सोडून गेलीस. रोज मांडीवर घेऊन वाच, चुकली तरी रागावू नको, असं बजावलंस. पण मी कुठं एका जागी बसणारा? संत्र्याच्या बगिच्यात पाण्याची मोटर सुरू केली की ती बंद होईपर्यंत चकरा मारणारा माणूस मी. म्हणून सोपा मार्ग काढला, घरातल्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. माठ, दार, पाट. आईच्या पदरालाही 'आजी' अशी एक लावली. आचलनं सगळ्या सोलल्या आणि मनाला येईल तिथं लावल्या. 'आजी' म्हशीच्या कपाळावर गेली. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही (म्हशीशी बोलली).

मग मुकाट्यानं मांडी घातली. एका खारीच्या गोष्टीचं पुस्तक रोज वाचू लागलो आणि आठवडाभरात पोरगी घडाघडा वाचायला लागली! तुला फोन लावणार, तेवढ्यात पाहतो तर पुस्तक उलटं. विचारलं, तर म्हणते, "मामा, मले पाठ आहे ना. सुलटं काहून धरू?"

मी उठून बगिच्यात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ताईला काय तोंड दाखवू? पण रागावलो नाही हं. तीच गोष्ट पुन्हा काढली, शब्दाशब्दावर तिचं बोट ठेवून.

अशात वरूडचे जानराव आपल्या मुलीला, माधवीला, घेऊन मला पाहायला आले (हल्ली मुलाला पाहतात). मी सकाळीच केस काळे करून बसलो होतो. चहा झाला, संत्र्याच्या भावावर बोलणं आलं, माझा पाय काही हलायचा थांबेना. आणि न्हाणीतून आचल आली, हातात रंगाची फाटकी पुडी. पाहुण्यांसमोर उभी राहून बोट ठेवत वाचू लागली, "का... ळे... के... स... पा... च... मि... नि... टां... त."

सगळे माझ्या डोक्याकडे पाहू लागले. आईनं पदर तोंडाला लावला. आणि मी? मी ताडकन उठून ओरडलो, "आई वो, पोरीनं वाचलं! पाठ नाही, खरंच वाचलं!" तिला उचलून अंगणात दोन चकरा मारल्या. आत आल्यावर आठवलं, पाहुणे बसलेलेच आहेत.

जानराव खाकरून म्हणाले, "बापू, केसाचं काय?"

"रंग आहे जी," मी म्हटलं, "पण वाचलं बरोबर."

माधवी खाली पाहून हसत होती. कळवतो म्हणून गेले. तेव्हापासून मी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरून राहिलो. हे पत्रसुद्धा अर्धं ओट्यावर आणि अर्धं ट्रॅक्टरवर बसून लिहिलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मनोज

ता. क. : आत्ताच जानरावांचा फोन आला. नाही म्हणाले नाहीत. मंगळवारी माधवी पुन्हा येते म्हणाली आहे.

आणखी एक : मुख्य काम हेच. रविवारी आचलला न्यायला येऊ नको. माधवीला तिच्या तोंडून खारीची गोष्ट ऐकायची आहे. मी घरी असलो तरी चालेल, असा निरोप आहे.